वर्गांच्या दारांना कुलपं निवडताना: जानेवारी ते जुलै

वर्गाच्या दाराला कडी-कोयंड्याऐवजी काय लावायचं, हे हार्डवेअरच्या दुकानात ठरत नाही. तिथे पितळ की स्टील, कंपनी कुठली, गॅरंटी किती, एवढंच बोलणं होतं. ठरवायची गोष्ट त्याआधीची असते: दार बाहेरून बंद असलं तरी आतलं मूल ते चावीशिवाय, एकदाच दाबून उघडू शकेल का? याचं उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे चोरीचा, शिस्तीचा आणि पैशांचा विचार करायचा. आमच्या शाळेत (तळमजला अधिक दोन मजले, २२ वर्ग, एक सभागृह, दोन जिने) हे काम जानेवारीत निघालं आणि जुलैत पुरतं झालं. ज्या संस्थांना ते पुढे करायचं आहे, त्यांच्यासाठी हा सगळा क्रम लिहून ठेवतो आहे.

जानेवारी-फेब्रुवारी: दारांची मोजणी

निमित्त झालं फॉर्म ‘बी’चं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीपासून बचावाची यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजेच फॉर्म ‘बी’, परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घेऊन सादर करावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ही पाहणी आग विझवायच्या सिलिंडरचा दाब, होजरील (गुंडाळलेला पाण्याचा पाइप) आणि पाण्याची टाकी बघून आटोपते. आमच्याकडे आलेल्या माणसाने दारंही पाहिली आणि तीन शेरे मारले. सगळ्या वर्गांना बाहेरून कडी आणि कोयंडा आहे. सभागृहाच्या दोन्ही दारांची एकेक फळी कायम टॉवर बोल्टने (वर-खाली सरकणाऱ्या उभ्या कडीने) बंद असते. मागच्या जिन्याचं चॅनल गेट शाळा भरलेली असतानाही कुलपात असतं.

तिन्ही गोष्टी राष्ट्रीय इमारत संहितेच्या (एनबीसी २०१६, भाग ४) विरुद्ध जातात. बाहेर पडण्याचं दार ज्या बाजूच्या माणसांसाठी आहे, त्या बाजूने ते चावीशिवाय उघडलं पाहिजे, बाहेरच्या दिशेला उघडलं पाहिजे, रुंदी १००० मिमीपेक्षा आणि उंची २००० मिमीपेक्षा कमी नको, असं संहिता सांगते. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी आगीत ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली शाळांच्या इमारतींना याच संहितेतले सुरक्षेचे निकष लागू करायला सांगितलं. त्यामुळे ‘आमची इमारत जुनी आहे’ या कारणावर विसंबू नये.

पहिलं काम म्हणजे दारांचा तक्ता. दरपत्रक मागवण्याआधी हा तक्ता तयार नसेल तर प्रत्येक विक्रेता वेगळं काहीतरी धरून दर देतो आणि तुलना करता येत नाही. प्रत्येक दाराला क्रमांक द्या आणि पुढे लिहा: फळीची रुंदी, दार ९० अंशांत उघडल्यावर खरोखर मिळणारी मोकळी रुंदी, फळीची जाडी, बिजागऱ्या कुठल्या हाताला, दार आत उघडतं की बाहेर, चौकट लाकडी की लोखंडी, सध्या काय काय लावलेलं आहे, आणि खोलीत जास्तीत जास्त किती माणसं असतात.

जाडीचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठरला. आमच्या बहुतेक फळ्या ३५ मिमीच्या सॉलिड कोअर फ्लश डोअर (आतून भरीव, सपाट) होत्या, पण वरच्या मजल्यावर नंतर बांधलेल्या खोल्यांना ३० मिमीच्या निघाल्या. मॉर्टाइज लॉकसाठी फळीच्या कडेत खोबण कोरावी लागते. ३० मिमीच्या फळीत ती कोरली की दोन्ही बाजूंना जेमतेम सहा-सहा मिमी लाकूड उरतं, आणि मुलांनी काही महिने दार आपटलं की फळी नेमकी कुलपापाशी उकलते. या फळ्या बदलायच्या, हे तेव्हाच ठरवून टाकलं.

मोकळ्या रुंदीच्या रकान्यातून सभागृहाचं गणित उघडं पडलं. सपाट पातळीवरच्या दारांसाठी संहिता माणशी ६.५ मिमी रुंदी धरते. सभागृहात ४०० जण बसतात, म्हणजे २६०० मिमी हवी. कागदावर २००० मिमीची दोन दारं आहेत, एकूण ४००० मिमी. पण प्रत्येक दाराची एक फळी वर-खाली बोल्ट लावून कायम बंद असल्याने प्रत्यक्षात मिळतात २००० मिमी. स्नेहसंमेलनाला पालक भरून आले की सहाशे मिमीची तूट पडते, आणि ती फक्त चार टॉवर बोल्टांमुळे. जुन्या शाळांत वर्गांनाही बाराशे मिमीची दुफळी दारं असतात. तिथे एक फळी बंद ठेवली तर सहाशे मिमीच उरतात, साठ मुलांना एकेक करून बाहेर पडायला. अशी दारं तक्त्यात लाल शाईने लिहा.

कुलूप कसं वागतं ते आधी, नाव नंतर

फेब्रुवारीच्या अखेरीस मुख्याध्यापिका बाई, दोन शिक्षक, शिपाईमामा आणि संस्थेचे सचिव यांना एकत्र बसवलं. शिपाईमामांना बोलवाच. दारं तेच उघडतात, तेच लावतात, आणि नवीन कुलूप त्यांना पटलं नाही तर महिन्याभरात त्याच्या वर जुनी कडी परत येते.

बाजारात ‘मॉर्टाइज लॉक’ म्हणून जे सर्रास मिळतं, त्यात हँडलने चालणारा लॅच (कुलपाची स्प्रिंगवरची जीभ) आणि चावीने सरकणारा डेडबोल्ट (जाड, स्प्रिंग नसलेली जीभ) असतो. ते दोन्ही बाजूंनी चावीचं घेतलं तर बाहेरून डेडबोल्ट टाकल्यावर आतला माणूस चावीशिवाय अडकतो. म्हणजे पैसे देऊन कडी-कोयंड्याचाच दोष विकत घेतला. आतून नॉब असलेलं घेतलं तर चावी लागत नाही, पण आधी नॉब फिरवायचा आणि मग हँडल दाबायचं, अशा दोन क्रिया होतात. धुराने डोळे चुरचुरत असताना दुसरीतल्या मुलाकडून ही अपेक्षा करू नये. आतलं हँडल दाबताच लॅच आणि डेडबोल्ट दोन्ही मागे येणारी कुलपंही असतात. ती उत्तम, पण महाग.

आम्ही वर्गांसाठी सिलिंड्रिकल लिव्हर लॉक (फळीत गोल भोक पाडून बसणारं, दाबायच्या हँडलचं) घेतलं, क्लासरूम फंक्शनचं. आतलं हँडल नेहमी मोकळं, कधीच लॉक होत नाही. बाहेरचं हँडल बाहेरून चावीने लॉक किंवा मोकळं करता येतं. रात्री बाहेरून चावी फिरवली की वर्ग बंद, पण आत कुणी राहिलंच तर हँडल दाबून बाहेर येतं. दुकानात ‘क्लासरूम फंक्शन’ म्हटल्यावर बहुतेकदा समोरचा माणूस ऑफिसचं कुलूप काढून दाखवतो, ज्याला आतून दाबायचं बटण असतं. ते वर्गाला नको, कारण एखादं मूल मधल्या सुट्टीत बटण दाबून दुसऱ्याला घेऊन आत बसतं आणि बाई बाहेर राहतात. गोंधळ टाळायचा तर अमेरिकी मानकातला क्रमांक सांगा: सिलिंड्रिकलसाठी एफ ८४, मॉर्टाइजसाठी एफ ०५. स्टोअररूम फंक्शनसाठी अनुक्रमे एफ ८६ आणि एफ ०७. त्यात बाहेरचं हँडल कायम लॉक असतं आणि प्रत्येक वेळी चावीनेच उघडतं. रसायनांची खोली आणि क्रीडासाहित्याची खोली यांना ते बरोबर. शौचालयांच्या आतल्या दारांना प्रायव्हसी लॉक, पण बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी खाच असलेलंच.

बैठकीत एक शंका आली ती अगदी रास्त होती. बाहेरून धोका आला तर? दारू पिऊन आत शिरलेला माणूस, पिसाळलेलं कुत्रं, आग्या मोहोळ उठलेलं, आणि जुन्नरसारख्या भागात उसातून आलेला बिबट्या. अशा वेळी मुलांना आत घेऊन दार लावायचं असतं. एफ ८४ मध्ये त्यासाठी शिक्षकाला बाहेर येऊन चावी फिरवावी लागते. अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी २० मुलं आणि ६ मोठी माणसं गोळीबारात गेली. तिथल्या वर्गांची कुलपंही बाहेरून चावी लावायचीच होती, आणि त्यानंतर या प्रकाराबद्दल तिकडे बरीच चर्चा झाली. त्यावर उपाय म्हणजे क्लासरूम सिक्युरिटी फंक्शन: आतल्या बाजूलाही चावीचं सिलिंडर (चावी घालायचा गोल भाग) असतं, आत उभं राहून चावी फिरवली की बाहेरचं हँडल लॉक होतं, आणि आतलं मात्र मोकळंच राहतं. आमच्या दरपत्रकात याला दारामागे १,७०० रुपये जास्त पडत होते. फाटकाकडून थेट पोचता येणाऱ्या तळमजल्याच्या ८ वर्गांना आम्ही ते घेतलं, वरच्या १४ वर्गांना एफ ८४. आतल्या सिलिंडरभोवती ‘बंद’च्या दिशेचा बाण लाल रंगाने काढून घ्या. घाबरलेल्या माणसाला चावी कुठल्या बाजूला फिरवायची ते आठवत नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे दार अडवायचे लोखंडी अडसर मात्र घेऊ नयेत. दार आतून उघडण्याची सोयच ते काढून घेतात, आणि वर्गात एकटं मूल किंवा वाईट हेतूचा माणूस ते लावून बसला तर बाहेरच्यांना काहीच करता येत नाही.

बालवाडीच्या बाईंचं म्हणणं वेगळं होतं. “हँडल हाताशी आलं की पोरं निघाली बाहेर! वरची कडी होती ती बरी होती.” काळजी खरी आहे, पण तिच्यासाठी दार बंद करायचं नाही, आवाज करायचा. दार उघडताच वाजणारी सेलवरची चुंबकी घंटी दोन-तीनशे रुपयांत मिळते. मोठ्या मुलांनी मागच्या दाराने पळू नये म्हणून पॅनिक बारला अलार्म मिळतो, तोही याच कारणासाठी.

पॅनिक बार कुठे, हँडल कुठे

पॅनिक बार म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला आडवा दांडा, अंगाने ढकलला तरी लॅच सुटतो. त्याचा जन्म मुलांच्याच मृत्यूंतून झाला. इंग्लंडमध्ये सुंदरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी खेळणी मिळणार म्हणून मुलं जिन्यावरून खाली धावली. खालचं दार आत उघडणारं होतं आणि एकच मूल जाईल इतक्या फटीवर बोल्टने अडकवलेलं होतं. चेंगरून १८३ मुलं गेली. त्यानंतर रॉबर्ट ब्रिग्ज यांनी आतून ढकलून उघडणाऱ्या बोल्टचं पेटंट १८९२ मध्ये घेतलं.

प्रत्येक वर्गाला पॅनिक बार परवडत नाही आणि आमच्या मते तो लागतही नाही. जिथे गर्दी एकत्र येऊन दारावर रेटते तिथे तो हवाच: सभागृह आणि जिन्याच्या तळाचं दार. युरोपीय मानकांत दोन प्रकार आहेत. ईएन १७९ हँडल किंवा पॅडसाठी आहे, जिथे माणसं दाराला सरावलेली असतात. ईएन ११२५ आडव्या बारसाठी आहे, जिथे गोंधळ आणि चेंगराचेंगरी होऊ शकते. शाळेच्या सभागृहाला दुसराच घ्या. त्याच्या चाचणीत दारावर १००० न्यूटनचा रेटा असताना २२० न्यूटनच्या आत बार सुटावा लागतो. साध्या लॅचची इथेच फजिती होते: बाहेर उघडणाऱ्या दारावर आतून माणसं रेटली की लॅच स्ट्राइक प्लेटवर (चौकटीवरच्या, लॅच ज्यात शिरतो त्या पट्टीवर) घट्ट बसतो आणि हँडल फिरेनासं होतं. बारची लांबी फळीच्या रुंदीच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी नको. उंची साधारण ९०० ते ११०० मिमी, पण लहान मुलांची शाळा असेल तर बार आणखी खाली घ्यावा.

दुफळी दाराला दोन्ही फळ्यांवर वर-खाली रॉड असलेले स्वतंत्र बार लावले, म्हणजे कुठलीही फळी आधी उघडते. त्यासाठी दोन फळ्यांमधली एकमेकींवर चढणारी पट्टी काढावी लागली. ती ठेवली तर एक फळी दुसरीला अडवते. खालच्या रॉडचं जमिनीतलं भोक ही कायमची दुखणी जागा आहे. झाडलोटीत त्यात माती भरते, रॉड पूर्ण उतरत नाही, दार खडखडतं आणि कुणीतरी पुन्हा टॉवर बोल्ट ठोकून देतं. स्प्रिंगवर वर येणारं झाकण असलेलं डस्टप्रूफ सॉकेट दोनशे-तीनशे रुपयांत येतं, ते विसरू नका.

मागच्या जिन्याच्या चॅनल गेटला बार बसवताच येत नाही. ते काढून बाहेर उघडणारं जाळीचं लोखंडी दार केलं. जाळीतून हात घालून बाहेरून बार दाबता येतो, म्हणून बारच्या भोवती वर-खाली पत्रा मारून घेतला. पुढच्या जिन्याचं चॅनल गेट ठेवलं, पण नियम बदलला: सकाळी ते पूर्ण सरकवायचं आणि त्याच कुलपाने उघड्या स्थितीत अडकवायचं. कुलूप उघड्या गेटलाच लावलेलं असल्याने दिवसभरात कुणी ते सहज ओढून बंद करत नाही. मुलं बाहेर जाऊ नयेत ही जबाबदारी आवाराच्या फाटकावर आणि पहारेकऱ्यावर नेली.

संगणक कक्षाला हजेरीच्या यंत्राबरोबर ईएम लॉक होतं. असं चुंबकी कुलूप वीज गेली की सुटतं असं सगळे गृहीत धरतात, पण ते यूपीएसवर असेल तर वीज गेल्यावरही धरून ठेवतं. आतल्या बाजूला हिरवं ब्रेक-ग्लास बटण हवं आणि त्याची वायर कंट्रोलरकडे न नेता चुंबकाचा वीजपुरवठाच थेट तोडणारी हवी. कंट्रोलर अडकला तर बाकीची बटणं काही कामाची नाहीत. फायर अलार्म असेल तर त्याचा रिले (आपोआप चालणारा स्विच) याच वायरीवर घ्या.

मार्च-एप्रिल: पैसे, कागद, वाट बघणं

एक नमुना दार आधी करून पाहिलं, पहिलीच्या वर्गाचं. त्यात दोन गोष्टी कळल्या, ज्या कॅटलॉगमध्ये दिसत नाहीत. हँडलचं टोक सरळ असलं की दप्तराचा पट्टा आणि ओढणी त्यात अडकते. टोक दाराकडे वळलेलं हवं. आणि लॉक असताना ताठ राहणाऱ्या हँडलला मुलं लोंबकळतात, ते वाकतं. क्लच असलेलं हँडल लॉक असतानाही नुसतंच खाली जातं, त्यामुळे टिकतं.

मग संस्थेचा ठराव, तीन बंद दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता. दरपत्रकाच्या मागणीत मॉडेल न लिहिता वागणूक लिहिली: ‘आतलं हँडल कुठल्याही स्थितीत मोकळं; बाहेरचं चावीने; डेडलॅच (पट्टी घालून मागे ढकलता न येणारा लॅच) असलेला; एफ ८४ किंवा समकक्ष; स्टेनलेस स्टील ३०४; ३५ मिमी फळीस योग्य; बाहेर उघडणाऱ्या दारासाठी’. शेवटचे शब्द गाळू नयेत, लॅचच्या उताराची दिशा त्यावर ठरते. कोकणात आणि खाडीच्या जवळ असाल तर ३१६ प्रतीचं स्टील विचारा. आम्हाला पडलेले दर असे: वर्गाचं कुलूप ३,८००, मास्टर की (अनेक कुलपं उघडणारी एकच चावी) साठी सिलिंडरमागे ३५०, बसवणावळ ६००. सभागृहाचे दोन रॉडचे बार ११,५०० ला एक, असे चार. जाळीचं दार २८,००० आणि त्यावरचा बार ९,०००. चौकट काढून उलटी बसवणं बिजागऱ्यांसह ४,५००, अशी १४ दारं. वरच्या १८ टक्के जीएसटीसह आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास गेला. ३० मिमीच्या फळ्यांचा खर्च दुरुस्तीच्या खात्यातून वेगळा केला. जिल्हा परिषदेच्या शाळांना एवढं एकदम शक्य नसतं. त्यांनी समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानातून निदान बाहेरच्या कड्या काढून लॅच बसवण्यापासून सुरुवात करावी. ग्राइंडर आणि थोडे हजार रुपये एवढंच त्याला लागतं.

मास्टर कीचा तक्ता ऑर्डरबरोबरच द्यावा लागतो, कारण सिलिंडरमधल्या पिना कारखान्यात तशा भरल्या जातात. नंतर सुचलं तर सिलिंडर बदलण्याचा खर्च. प्रत्येक वर्गाची चावी त्या वर्गालाच, मजल्याची मास्टर त्या मजल्याच्या शिपायाकडे, सगळ्यांची मास्टर मुख्याध्यापिकांकडे आणि एक कार्यालयाबाहेर काचेच्या पेटीत अग्निशमन दलासाठी. माल यायला सहा आठवडे लागतील असं सांगितलं होतं, म्हणून मार्चमध्येच निम्मी आगाऊ रक्कम दिली. एप्रिलमध्ये ऑर्डर दिली असती तर मेची सुट्टी हातची गेली असती.

मे: सुताराच्या शेजारी उभं राहून

आमची १४ दारं आत उघडणारी होती. ती बाहेर उघडायला लावायची म्हणजे नुसत्या बिजागऱ्या फिरवून चालत नाही, चौकटीची खाच आतल्या बाजूला असते. चौकट काढायची, उलटी करून व्हरांड्याच्या बाजूला बसवायची, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणारे लोखंडी तुकडे) काँक्रीटमध्ये भरायचे, आणि आठवडाभर पाणी मारून मगच फळी टांगायची. घाईने टांगली तर चौकट हलते आणि लॅच कायमचा चुकतो.

व्हरांडा आमचा १८०० मिमीचा. दार बाहेर उघडून काटकोनात थांबलं तर जायला ८०० मिमीच उरतात, म्हणजे एका वर्गाची सोय करताना बाकीच्यांची वाट अडली. म्हणून पार्लमेंट बिजागऱ्या लावल्या. त्यांचा सांधा भिंतीच्या पुढे येतो आणि फळी पूर्ण १८० अंश फिरून भिंतीला टेकते. तिथले सूचना फलक आणि चपलांच्या मांडण्या आधी हलवाव्या लागल्या. बिजागरी आता बाहेर आली, म्हणजे चोराला तिची पिन काढता येईल. न निघणाऱ्या पिनेची बिजागरी घ्या, नाहीतर बिजागरीच्या कडेला फळीतून चौकटीत जाणारा एक आंधळा खुंटा बसवा.

कुलपासाठी फळीत ५४ मिमीचं आरपार भोक आणि कडेतून २५ मिमीचं लॅचचं भोक. होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) एकाच बाजूने शेवटपर्यंत नेला तर पलीकडचं व्हिनियर फाटतं. मधला ड्रिल बाहेर आला की थांबून दुसऱ्या बाजूने पूर्ण करायचं. हँडलची उंची खालच्या वर्गांना ९५० मिमी धरली.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो स्ट्राइक प्लेटला. लॅचच्या शेजारी एक छोटी पिन असते, डेडलॅचची. दार लागल्यावर ती प्लेटवर दाबलेली राहिली पाहिजे, तरच पट्टी घालून लॅच मागे ढकलता येत नाही. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या फटीत लॅच सहज दिसतो, त्यामुळे हे फारच महत्त्वाचं. सुतार लॅच नीट बसत नाही म्हटल्यावर कानस घेऊन प्लेटचं भोक मोठं करतात. मग पिनही भोकात पडते. दार छान लागतं, हँडल छान चालतं, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनेही ते उघडतं. प्रत्येक दार लॉक करून एक पातळ पट्टी घालून स्वतः पाहा. आमच्या तपासणीत अशी काही दारं निघाली आणि प्लेटा बदलून घेतल्या.

पॅनिक बार फ्लश डोअरवर लाकडी स्क्रूने टिकत नाहीत, आरपार नटबोल्टच हवेत. अग्निरोधक प्रमाणित दार असेल तर मात्र निर्मात्याला विचारल्याशिवाय एकही भोक पाडू नये, प्रमाणपत्र जातं.

जुन्या कड्या, कोयंडे आणि टॉवर बोल्ट मुळासकट काढा, भोकं लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉलने भरून रंगवा. कोयंडा राहिला की कुलूप लागतंच. शिपाईमामांनी उत्तरपत्रिकांच्या खोलीचा कोयंडा ठेवा म्हणून सांगितलं, आणि ते बरोबर होतं: तिथे कुणी बसत नाही, आणि खोली सील करायची वेळ आली की दिसणारं कुलूप लागतं. निवडणुकीत शाळा मतदान केंद्र होते तेव्हाही अशी एक खोली कामी येते.

जून-जुलै

शाळा उघडण्याआधी शिक्षकांना बोलावून मेन स्विच बंद केला आणि खिडक्या लावून सराव केला. अंधारात हँडल हाताला लागतं का, हेच बघायचं होतं. मग पहिल्या आठवड्यात मुलांबरोबर. सभागृहाच्या दाराला दोन शिक्षक पाठ टेकून रेटत उभे राहिले आणि पहिलीतल्या एका मुलीला बार ढकलायला सांगितलं. तिने आधी तळवे लावले, ते पुरेना, मग पूर्ण अंग टाकलं आणि दार उघडलं. एका दाराला मात्र तिला जमेना. वरचा रॉड अर्धा सूत लांब राहिला होता, तो तिथेच आखूड करून घेतला. ही चाचणी मोठ्या माणसाने करून भागत नाही.

पाऊस लागला की फळ्या फुगतात. मेमध्ये कोरड्या लाकडाला चारी बाजूंनी तीन मिमी फट ठेवली होती, तरी जुलैत काही दारं घासू लागली. लगेच रंधा मारू नका, थंडीत तीच फट बोटभर होते. आधी फळीची खालची आणि वरची कड रंगवलेली आहे का ते आरसा धरून बघा. सुतार ती कोरीच सोडतात, कारण कुणाला दिसत नाही, आणि पाणी तिथूनच चढतं. आमच्याकडे घासणाऱ्या फळ्यांची खालची कड कोरीच होती. त्या उतरवून, वाळवून, दोन हात प्रायमर मारल्यावर बहुतेक सुधारल्या. उरलेल्यांत स्ट्राइक प्लेट किंचित सरकवली. सिलिंडरमध्ये तेल सोडू नये, त्यात धूळ बसून पिना अडकतात. ग्रॅफाइटची पूड घाला.

जुलैच्या फॉर्म ‘बी’बरोबर दारांचा नवा तक्ता, सभागृहाच्या रुंदीचं गणित आणि बदललेल्या चौकटींचे फोटो जोडले. एजन्सीच्या माणसाने दारं फिरून पाहिली, पट्टी घालून दोन कुलपं तपासली आणि चावीच्या पेटीबद्दल विचारलं. आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिपाईमामा वही घेऊन फिरतात: आतलं हँडल, डेडलॅचची पिन, बारचे रॉड, जमिनीतलं सॉकेट आणि दारामागे कुणी बाक आणून ठेवला आहे का. कपाटात दोन जादा लॅच, चार स्ट्राइक प्लेटा आणि एक पूर्ण कुलूप ठेवलं आहे, कारण तेच मॉडेल पुढच्या वर्षी दुकानात मिळेलच असं नाही.